रंगाची विषपरीक्षा

सोलापुरी चादर ज्या घरात नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीणच. चादर घेताना आपण दुकानदाराला दोन प्रश्न हमखास विचारतो. टिकेल किती, हा पहिला. आणि रंग जाणार नाही ना, हा दुसरा. दुकानदारही तयार असतो. चादरीचे टोक ओल्या बोटांनी चोळून दाखवतो, म्हणतो, "बघा, पक्का रंग!" पण तिसरा एक प्रश्न आहे, तो मात्र आपण सहसा विचारत नाही. हा रंग निर्धोक आहे का? जो पांघरतो त्याला, आणि त्याहूनही अधिक, जो दिवसभर या रंगात कोपरापर्यंत हात घालून उभा असतो त्याला?

रंग पक्का असणे वेगळे आणि निर्धोक असणे वेगळे. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, ओल्या बोटाला कळते. दुसरी कळायला कधीकधी पंधरा-वीस वर्षे लागतात. ती आधीच कळावी यासाठी जे शास्त्र खटपट करते त्याला विषशास्त्र म्हणतात. विषशास्त्र म्हटले की आपल्याला खुनाचे खटले आणि पोलिसांची प्रयोगशाळा आठवते. पण या शास्त्राचे आजचे मोठे काम निराळे आहे. साबण, औषध, कीडनाशक, रंग, असे जे जे रसायन माणसाच्या अंगाशी येते ते कितपत सुरक्षित आहे हे ठरवणे, हे ते काम. आणि हे ठरवायचे कशावर? आजवर त्याचे उत्तर होते, मुक्या प्राण्यांवर. ते उत्तर आता बदलत चालले आहे. कसे, ते आपण सोलापूरच्याच रंगाचे उदाहरण घेऊन पाहू.

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, ती विणलेली असते. म्हणून सूत मागावर चढण्याआधीच रंगवावे लागते. रंगाची पूड तोलायची, ती गरम पाण्यात कालवायची, त्यात मीठ-सोडा घालायचा, सुताच्या लडी बुडवायच्या, वर-खाली करायच्या, पिळायच्या आणि वाळत टाकायच्या. काही ठिकाणी हे यंत्र करते, काही ठिकाणी माणूस करतो. पण पूड तोलताना उडणारी धूळ आणि हाताला चढणारा रंग, हे दोन्हीकडे थोडेफार असतेच.

पूर्वी रंग झाडांपासून मिळत. नीळ, मंजिष्ठ, आल, हळद ही आपल्याकडची जुनी नावे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थांपासून जांभळा रंग बनवला आणि रंगांची दुनियाच पालटली. तरी सुती कापडाची अडचण राहिलीच. रेशमावर आणि लोकरीवर रंग चटकन बसे, पण सुतावर बसवायचा तर पुष्कळदा आधी तुरटीसारख्या पदार्थाच्या पाण्यातून सूत काढून घ्यावे लागे. ही अडचण १८८४ साली सुटली. जर्मनीतल्या पॉल बॉटिगर या रसायनशास्त्रज्ञाने 'काँगो रेड' नावाचा लाल रंग तयार केला. हा रंग गरम पाण्यात विरघळवावा, मीठ टाकावे, सूत बुडवावे, की झाले! स्वस्त, सोपा आणि झटपट. त्याच्या पाठोपाठ याच धाटणीचे निळे, तपकिरी, काळे असे कितीतरी रंग निघाले. बाजारात त्यांना 'डायरेक्ट' रंग म्हणतात.

आता या रंगाच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे. आगगाडीचे डबे एकमेकांना कडीने जोडलेले असतात, तशी या रंगाच्या रेणूची रचना असते. नायट्रोजनचे दोन अणू हातात हात घालून कडीचे काम करतात. या कडीला 'ॲझो' बंध म्हणतात, आणि ती ज्यांत असते ते ॲझो रंग. जगात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांत निम्म्याहून अधिक या कुळातले आहेत. कडी वाईट नाही. प्रश्न आहे तो डब्यांचा. काँगो रेडच्या गाडीत मधला डबा असतो तो 'बेंझिडिन' नावाच्या पदार्थाचा. कड्या जोडलेल्या आहेत तोवर तो गाडीचा भाग असतो. कड्या तुटल्या की तो सुटा होतो. आणि सुटे बेंझिडिन हे माणसाला कर्करोग करणारे रसायन आहे.

हे कळले कसे? प्रयोगशाळेत नाही कळले. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने आपल्या सहकाऱ्यांसमोर एक निरीक्षण ठेवले. 'फुक्सिन' नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाचा कर्करोग झालेला त्याला आढळला. इतक्या थोड्या माणसांत इतका विरळा रोग तिघांना होतो, हा योगायोग नव्हे, असे त्याने म्हटले. पुढे इतर कारखान्यांतूनही असेच रुग्ण येऊ लागले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने बेंझिडिन आणि त्याचे भावंड बीटा-नॅफ्थिलअमाइन या दोन पदार्थांवर बोट ठेवले. तरीही कारखाने कित्येक वर्षे चालूच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, ते पदार्थ उंदरांना, सशांना देऊन का पाहिले नाहीत? पाहिले ना! आणि इथेच या गोष्टीतली खरी मेख आहे. उंदरांना आणि सशांना दिले तर त्यांच्या मूत्राशयात काहीच दिसेना. कारखानदार म्हणू लागले, प्राण्यांना होत नाही, तेव्हा दोष रसायनाचा नसावा. अखेर १९३८ साली अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर या संशोधकाने कुत्र्यांना सुमारे दोन वर्षे बीटा-नॅफ्थिलअमाइन दिले, तेव्हा त्यांच्या मूत्राशयात माणसांसारख्याच गाठी आल्या. बेंझिडिनचेही तसेच. उंदरांच्या जातीत त्याने यकृताचा किंवा स्तनाचा कर्करोग होतो, कुत्र्यात आणि माणसात मूत्राशयाचा. याचे कारण असे, की अंगात शिरलेले परके रसायन मोडून बाहेर टाकण्याचे काम यकृत करते, आणि प्रत्येक जातीच्या प्राण्याची ते मोडण्याची रीत निराळी असते. म्हणजे चुकीचा प्राणी निवडला, तर शेकडो प्राणी मारूनही खरे उत्तर हाती लागत नाही. प्राण्यांचे हाल होतात ते होतात, आणि माणूसही वाचत नाही.

विषाचे दोन प्रकार ध्यानात ठेवले तर पुढचे सोपे जाईल. एक झटपट विष आणि दुसरे धीमे विष. झटपट विष मोजण्याची एक रीत जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली बसवून दिली. प्राण्यांचे गट करायचे, प्रत्येक गटाला वाढती मात्रा द्यायची, आणि निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा लिहून ठेवायची. ही मारक मात्रा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या डाळिंब बागायतदाराला हे नाव ठाऊक नसेल, पण तो ती रोज पाहतो. कीडनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो ना? लाल म्हणजे अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रामपर्यंत पोटात जाऊन निम्मे उंदीर मेले तर लाल. ५१ ते ५०० ला पिवळा. ५०१ ते ५००० ला निळा. त्याहून अधिक लागले तर हिरवा. एवढ्याशा त्रिकोणामागे असा हिशेब आहे.

पण हा त्रिकोण काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्या. तो एकदाच पोटात गेलेल्या मात्रेची गोष्ट सांगतो. थोडे थोडे रोज वीस वर्षे अंगात गेले तर काय होईल, ते तो सांगत नाही. बेंझिडिनचेच पाहा. एकवेळच्या मात्रेने ते सायनाइडच्या जवळपासही जात नाही. या एकाच मापाने मोजले असते तर त्याला लाल त्रिकोणसुद्धा मिळाला नसता. म्हणून धीम्या विषासाठी निराळी परीक्षा लागते. प्राण्यांना महिनोन्महिने रोज थोडे रसायन देऊन, ज्या मात्रेला काहीही अपाय दिसत नाही ती मात्रा शोधतात. मग तिला शंभराने भागतात. दहाने एवढ्यासाठी, की माणूस म्हणजे उंदीर नव्हे. आणि पुन्हा दहाने एवढ्यासाठी, की सगळी माणसे सारखी नसतात. तान्हे मूल असते, गर्भार बाई असते, आजारी म्हातारा असतो. या भागाकारातून माणसाने रोज किती सेवन केले तरी चालेल ते ठरते, आणि त्या आकड्याकडे पाहून फळावर औषधाचा अंश किती राहू द्यायचा याची मर्यादा तपासली जाते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत अमुक दिवसांचे अंतर ठेवा, असे केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे तज्ज्ञ सांगतात, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

या सगळ्या आकड्यांखाली अगणित उंदीर, ससे, गिनीपिग आणि कुत्रे गाडलेले आहेत. १९४४ साली जॉन ड्रेझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने डोळ्यांसाठी एक परीक्षा ठरवून दिली. सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती लाल होतो, सुजतो, पांढरा पडतो याला गुण द्यायचे. पुढे कित्येक वर्षे शाम्पू आणि प्रसाधने अशीच तपासली गेली. शास्त्रज्ञांतही हे न रुचणारे लोक होते. १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघा इंग्रज संशोधकांनी पुस्तक लिहून तीन सूत्रे मांडली. प्राण्याऐवजी दुसरे काही वापरता येत असेल तर ते वापरा. नसेल येत, तर कमीत कमी प्राणी वापरा. आणि जे वापराल त्यांना कमीत कमी यातना द्या. योगायोग असा, की आपल्या देशात पुढच्याच वर्षी, १९६० साली, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. राज्यसभेच्या सदस्य आणि थोर नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्याआधी काही वर्षे त्यासाठी आग्रह धरला होता. शिकवण्याचे काम पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी भागत असेल तर तिथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे या कायद्यातच म्हटले आहे.

पण 'दुसरे काही' म्हणजे काय? नुसत्या दयेने रसायन तपासता येत नाही. त्याला साधन हवे. ते साधन १९७० नंतरच्या काळात एकेक करून हाती येऊ लागले. पहिले मोठे साधन अमेरिकेतल्या ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने दिले, तेही जंतूंकडून! त्याने साल्मोनेला जातीचे असे जंतू निवडले, की ज्यांच्या आनुवंशिक द्रव्यात एक खोट आहे. या खोटेमुळे त्यांना हिस्टिडिन नावाचे अन्नद्रव्य स्वतः बनवता येत नाही. ते बाहेरून मिळाले नाही तर ते वाढत नाहीत. आता हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या बशीत हे जंतू सोडायचे आणि त्यात संशयित रसायन घालायचे. रसायनाने आनुवंशिक द्रव्यात ढवळाढवळ केली, तर काही जंतूंतली खोट उलट फिरून दुरुस्त होते आणि ते वाढू लागतात. दोन दिवसांनी बशीत ठिपके मोजायचे. ठिपके जास्त, तर रसायन संशयास्पद. इतके सोपे आणि इतके स्वस्त.

यात एक अडचण होती. बेंझिडिन नुसते घातले तर जंतूंवर फारसा परिणाम होत नाही, कारण ते घातक होते यकृतात गेल्यावर. यावर एम्सने तोड काढली. उंदराच्या यकृताचा अर्क बशीत मिसळायचा. म्हणजे बशीतच यकृताचे काम होते. ॲझो रंगांसाठी आणखी थोडा बदल करावा लागला. आधी रंगाच्या कड्या तोडून घ्याव्या लागतात, कारण माणसाच्या आतड्यातले जंतूही त्या तोडतात. आता खरे सांगायचे तर, अर्कासाठी उंदीर लागतोच. पण एका उंदराच्या यकृतावर पुष्कळ बशा तपासता येतात, आणि उत्तर दोन वर्षांऐवजी दोन दिवसांत मिळते. सूत्र पहिले नाही तरी सूत्र दुसरे पुरते पाळले जाते.

दुसरे साधन आपल्या रंगाऱ्याच्या ओळखीचे आहे. व्हॅट रंग चढवताना रंगशाळेत 'हायड्रोस' वापरतात ते ठाऊक असेल. कापडात घातक अमाइन सोडणारा रंग आहे की नाही हे प्रयोगशाळेत तपासतात ते याच पदार्थाने. कापडाचा लहान तुकडा घ्यायचा, ७० अंश सेल्सियसच्या द्रावणात ठेवायचा, हायड्रोस घालायचे. ॲझो कड्या तुटतात. मग सुटून आलेले पदार्थ वेगळे करून मोजायचे. ना उंदीर, ना ससा, ना कुत्रा. १९९४ साली जर्मनीने अशा अमाइन सोडणाऱ्या रंगांवर बंदीचा कायदा केला, आणि पुढे २००२ साली साऱ्या युरोपीय संघाने तो उचलला. एका किलो कापडामागे ३० मिलिग्रामपेक्षा जास्त घातक अमाइन निघाले तर माल परत. सोलापूरचे टॉवेल परदेशी जात असल्यामुळे ही गोष्ट इथल्या कारखानदाराच्या पोटापाण्याशी येऊन भिडली. भारत सरकारनेही त्या दशकात एकूण ११२ रंगांची हाताळणी बंद केली. त्यांत ४२ बेंझिडिनपासून बनणारे होते, आणि १९९७ च्या हुकुमाने आणखी ७० ॲझो रंगांची भर पडली.

आणि तिसरे साधन? तिसरे साधन म्हणजे कागद आणि पेन्सिल. हसू नका. ॲझो रंगाची रचना कागदावर मांडा, कडी जिथे आहे तिथे रेघ मारा, आणि कोणता डबा सुटून पडतो ते पाहा. बेंझिडिन पडत असेल तर तो रंग पुन्हा कुत्र्याला देऊन बघण्याची गरज काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हाच विचार मान्य केला. शरीरात ज्यांचे बेंझिडिन होते असे सगळेच रंग, प्रत्येकाची निराळी परीक्षा न घेता, तिने माणसाला कर्करोगकारक म्हणून पहिल्या वर्गात टाकले. आज हेच काम संगणक हजारो रेणूंवर एका दमात करतो. पण त्याचे मूळ या पेन्सिलीच्या रेघेतच आहे.

इतर परीक्षांतही असेच पर्याय निघाले आहेत. शस्त्रक्रियेतून उरलेल्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून माणसाच्या त्वचेचे लहान लहान तुकडे तयार करतात, आणि साबणाने आग होते का ते त्यांवर पाहतात. सशाच्या डोळ्याऐवजी कत्तलखान्यातून आणलेल्या गाई-बैलांच्या डोळ्यांचे पटल वापरतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवावर पुष्कळ वर्षे काम झाले आहे. पाण्यात विष असले की त्याचे बारीक हात आखडतात आणि शरीर गोळा होऊन विरू लागते. तेव्हा विषपरीक्षेत मोठ्या प्राण्यांऐवजी तो उपयोगी पडेल, असे तेथील संशोधकांनी मांडले आहे. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. पेशी जतन करून त्या देशभरच्या संशोधकांना पुरवणे हे त्याच्या मूळ कामांपैकी एक.

कायदेही मागोमाग आले. निम्मे प्राणी मारण्याची ती जुनी परीक्षा आंतरराष्ट्रीय नियमांच्या यादीतून २००२ साली काढून टाकण्यात आली, आणि मोजक्याच प्राण्यांत भागणाऱ्या रीती आल्या. भारताने २०१४ साली प्रसाधनांची प्राण्यांवरील परीक्षा बंद केली आणि तसा तपासलेला परदेशी मालही अडवला. २०२३ च्या मार्चमध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, संगणक अशा पर्यायांना जागा मिळाली.

तर मग प्राणी सुटले म्हणायचे का? अजून नाही. गर्भावर काय परिणाम होईल, अनेक वर्षांनी मेंदूवर काय होईल, रसायन एका अवयवातून दुसऱ्यात जाताना वाटेत काय रूप घेईल, हे प्रश्न बशीत पुरते सुटत नाहीत. बशीतल्या पेशीला रक्ताभिसरण नाही, तिला भूक नाही, म्हातारपण नाही. म्हणून नव्या औषधाच्या आणि कीडनाशकाच्या बाबतीत प्राण्यांवरच्या परीक्षा बऱ्याच प्रमाणात चालू आहेत. जो कोणी सांगेल की उद्यापासून एकही प्राणी लागणार नाही, तो घाई करतो आहे. आणि जो म्हणेल की प्राण्यांवाचून भागणारच नाही, त्याला ह्यूपरच्या कुत्र्यांपूर्वीच्या उंदरांची आठवण द्यावी.

पण या वादात एक प्राणी नेहमी विसरला जातो. १८९५ साली रेनने जे पाहिले ते कोणावर पाहिले? उंदरावर नव्हे, कामगारावर. पुढची कित्येक वर्षे विषाची परीक्षा खऱ्या अर्थाने कामगारांच्याच अंगावर चालली होती. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्यासाठी कुठला कायदाही नव्हता. जपानमध्ये क्योटो शहरात किमोनो रंगवणाऱ्या कारागिरांत मूत्राशयाचा कर्करोग अधिक आढळतो, हे १९७१ साली प्रसिद्ध झाले. हे लोक रंग बनवणारे नव्हते, वापरणारे होते. ब्रशाचे टोक जिभेने ओले करून घेण्याची त्यांची सवय असे, आणि संशय तिच्यावरच गेला. आपल्याकडे अहमदाबादच्या कामगारांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे काम बेंझिडिनशी नव्हते, केवळ त्यापासूनच्या तयार रंगांशी होते, अशांच्याही लघवीत बेंझिडिनचे अंश सापडले. म्हणजे कड्या अंगात खरोखरच तुटतात. जिथे रसायनाची परीक्षा आधी होत नाही, तिथे ती शेवटी माणसावरच होते. म्हणून प्राण्यांवाचून होणाऱ्या स्वस्त आणि झटपट परीक्षा ही नुसती भूतदयेची बाब नाही. परीक्षा जितकी सोपी, तितकी ती अधिक रसायनांची होणार, आणि तितका रंगाऱ्याचा जीव आधी वाचणार.

तेव्हा चार गोष्टी पदराशी बांधून ठेवा. रंगशाळा चालवणाऱ्याने नाव-गाव नसलेली सुटी, स्वस्त पूड घेऊ नये. प्रत्येक रंगाला जगभर चालणारा एक क्रमांक असतो, तो पावतीवर लिहून मागावा आणि बंदीच्या यादीशी ताडून पाहावा. पूड तोलणाऱ्याने नाकावर फडके नव्हे, योग्य मुखपट्टी लावावी, हातात रबरी मोजे घालावेत, आणि रंगाच्या हाताने भाकरी खाऊ नये की विडी ओढू नये. तंबाखूच्या धुरातही याच कुळातली अमाइन असतात, म्हणजे रंग आणि विडी मिळून दुहेरी मार बसतो. आणि ज्याने पुष्कळ वर्षे रंगाचे काम केले आहे, मग ते सोडून दहा वर्षे झाली असली तरी, त्याला न दुखता एकदा जरी लघवीतून रक्त गेले, तर उन्हाळी लागली म्हणून जिरे-साखरेचे पाणी पीत घरी बसू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे. वेळेवर कळले तर हा रोग पुष्कळदा आटोक्यात येतो.

चादर पांघरणाऱ्याने मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. पहिल्या धुण्यात थोडा रंग गेला म्हणजे तो विषारी झाला असे नव्हे, आणि सुतात घट्ट बसलेला रंग पांघरणाऱ्याच्या अंगात जातो तो पूड तोलणाऱ्याच्या मानाने अगदीच थोडा. पण पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा तो तिसरा प्रश्नही जरूर विचारा. दुकानदाराला कदाचित उत्तर देता येणार नाही. तो कारखानदाराला विचारील, कारखानदार रंगाच्या व्यापाऱ्याला विचारील. गिऱ्हाईक विचारू लागले की बाजाराला उत्तर शोधावेच लागते. आणि ते उत्तर द्यायला आता सशाचा डोळा लागत नाही की कुत्र्याचा जीव लागत नाही. कापडाचा एक तुकडा पुरतो.